खापरपणजोबा आणि किंगरी

१. तीनच नावं का?

भाद्रपदाच्या वद्य पक्षात घरोघरी एक प्रश्न हमखास निघतो. गुरुजी वडिलांचं नाव विचारतात, मग आजोबांचं, मग पणजोबांचं. तिसऱ्या नावापाशी यजमान अडखळतो, घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडे पाहतो आणि एकदाचं नाव सापडतं. चौथं नाव कुणी विचारतच नाही. मग पंगतीत एखादं शाळकरी पोर विचारतं की माणसं हजारो वर्षं जन्माला येताहेत, तर आपले पितर तीनच कसे? त्याला बहुतेक वेळा 'तशी पद्धत आहे' एवढंच उत्तर मिळतं. पण या पद्धतीमागे एक हिशेब आहे, आणि तो समजला की पूर्वज, संगीत आणि मरणोत्तर जीवन या तीन गोष्टी जगभर एकत्र का सापडतात हेही समजायला लागतं.

आधी शास्त्रातला हिशेब पाहू. समजा एका घरातला बाप वारला. तो जिवंत असताना आपल्या वडिलांना, आजोबांना आणि पणजोबांना पिंड देत होता. तो गेल्यावर सपिंडीकरणाच्या विधीत त्याचा पिंड आधीच्या पितरांच्या पिंडांत मिसळला जातो. आता मुलगा श्राद्ध करतो तेव्हा बाप पहिल्या जागी येतो, आजोबा दुसऱ्या आणि पणजोबा तिसऱ्या. बापाचा जो पणजोबा होता तो रांगेतून बाहेर पडतो. त्याला पिंड मिळत नाही; पिंड वळताना हाताला चिकटलेलं अन्न पुसतात, तेवढ्यात त्याचा वाटा. धर्मशास्त्र अशा पितरांना लेपभाज म्हणतं. नवा माणूस आला की जुना एक पायरी मागे सरकतो, आणि चौथ्या पायरीवर त्याचं नाव सुटतं.

आता साधा व्यवहारी हिशेब करू. एक गृहस्थ 1940 साली वारला आणि तेव्हा त्याचा सगळ्यांत धाकटा नातू पाच वर्षांचा होता असं धरू. नातू 80 वर्षं जगला तर 2015 साली गेला. म्हणजे त्या गृहस्थाला डोळ्यांनी पाहिलेला शेवटचा माणूस त्याच्या मृत्यूनंतर 75 वर्षांनी संपला. पणतवाने पणजोबाला पाहिलेलं असलं तरी ते अपवादाने, आणि खापरपणतवाने तर जवळजवळ कधीच नाही. श्राद्धाची तीन पिढ्यांची मर्यादा आणि प्रत्यक्ष ओळखीची मर्यादा एकाच जागी येऊन थांबतात. घरातल्या मायेने आठवण जेवढी टिकू शकते तेवढीच जबाबदारी शास्त्राने घरावर टाकली, असं म्हणायला इथे जागा आहे. त्यापुढची आठवण मायेवर सोडून टिकत नाही. तिच्यासाठी वेगळी सोय लागते, आणि या प्रकरणात तिचाच शोध घ्यायचा आहे.

२. चौथ्या पिढीवर उभा असलेला चित्रपट

हाच हिशेब पडद्यावर मांडणारा एक चित्रपट 2017 साली आला. पिक्सारचा 'कोको'. ली अंक्रिच त्याचे दिग्दर्शक आणि एड्रियन मोलिना सहदिग्दर्शक. सर्वोत्तम ॲनिमेशनपट आणि सर्वोत्तम गीत अशी दोन ऑस्कर पारितोषिकं त्याला 2018 साली मिळाली. गोष्ट मेक्सिकोतली आहे. तिथे दर वर्षी 1 आणि 2 नोव्हेंबरला मृतांचा दिवस पाळतात. घरात फोटो मांडून, झेंडूची फुलं, दिवे आणि आवडीचे पदार्थ ठेवून गेलेल्या माणसांना घरी बोलावतात. आपल्याकडे दसऱ्याच्या तोरणात शोभणारा झेंडू मूळचा मेक्सिकोचाच. युरोपीयांच्या जहाजांतून तो इकडे आला. आणि गेलेल्यांना वर्षातून एकदा जेवायला बोलावण्याची रीत तर विदर्भातल्या वाचकाला समजावून सांगायलाच नको. पितृपक्ष आहेच, शिवाय अक्षय्यतृतीयेला पितरांच्या नावाने घागर भरली जातेच.

मिगेल नावाचा मुलगा चांभारकाम करणाऱ्या घरात वाढतो आहे. त्या घरात गाण्याला बंदी आहे, कारण त्याचा खापरपणजोबा गाण्यापायी घर सोडून गेला आणि परतला नाही. त्याचा फोटो फाडलेला आहे आणि नाव कुणी घेत नाही. मिगेल चुकून मृतांच्या नगरीत पोचतो तेव्हा त्याला तिथला कायदा कळतो. मागे राहिलेल्यांपैकी कुणी तरी आठवण ठेवतं आहे तोवर मृत माणूस त्या नगरीत राहतो. शेवटचा आठवण ठेवणारा विसरला की तो तिथूनही नाहीसा होतो. हेक्टर नावाचा असाच एक विझत चाललेला मृत हाच मिगेलचा खापरपणजोबा निघतो. त्याला आठवणारं एकच माणूस उरलं आहे: त्याची मुलगी, म्हणजे मिगेलची वृद्ध आणि विस्मरणाने ग्रासलेली पणजी कोको. शेवटी मिगेल तिच्यापुढे बापाने लेकीसाठी रचलेलं गाणं म्हणतो, तिची स्मृती क्षणभर जागी होते, आणि ती जपून ठेवलेला फोटोचा फाटका तुकडा काढून देते.

चित्रपटाने आपला पेच नेमका चौथ्या पिढीवर उभा केला आहे. वडील, आजी, पणजी ही तीन नावं घरात सुखरूप आहेत; धोका आहे तो पणजीच्या बापाला. श्राद्धाच्या रांगेतून जो सुटतो तोच इथे विझतो आहे. दुसरं असं की हेक्टरला वाचवलं ते गाण्याने. फोटो फाटलेला होता, त्याने लेकीला लिहिलेली पत्रं कपाटात पडून होती; ती बाहेर काढायला लावणारी गोष्ट होती सूर. इथवर चित्रपट बिनचूक आहे. पण त्याने दिलेला उपाय तोकडा आहे. मिगेलचं घर गाणारं निघालं म्हणून हेक्टर वाचला. ज्या घरात मिगेल जन्मला नाही, त्या घराच्या खापरपणजोबाचं काय? घरच्या मायेवर भिस्त ठेवली की आठवण नशिबावर सोडल्यासारखं होतं. ज्या समाजांनी पूर्वज दहा-वीस पिढ्या टिकवले त्यांनी हे काम घराबाहेरच्या माणसावर सोपवलं, त्याला शिक्षण दिलं आणि त्याचा मोबदला ठरवला. त्याचं फार जवळचं उदाहरण पैनगंगेच्या काठी आहे.

३. मुकुटबनच्या आसपास

मुकुटबन हे यवतमाळ जिल्ह्याच्या झरी जामणी तालुक्यातलं, वणीहून आदिलाबादकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचं गाव. आता ते सिमेंट कारखान्यामुळे ओळखलं जातं. आजूबाजूला कपाशीची शेतं, कोलामांचे पोड, म्हणजे वस्त्या, आणि गोंडांची गावं आहेत. दक्षिणेला पैनगंगा ओलांडली की तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा लागतो. राज्याची सीमा नदीवरून गेली असली तरी गोंडांची नाती दोन्ही काठांवर पसरलेली आहेत. आदिलाबादमधल्या इंद्रवेल्लीजवळच्या केसलापूरला पौष अमावास्येला मेश्राम कुळाच्या नागोबाची जत्रा भरते, तेव्हा महाराष्ट्रातले मेश्रामही तिथे जातात. कुळातली माणसं पायी जाऊन गोदावरीचं पाणी आणतात, त्याने पूजा होते, आणि कुळात नव्याने लग्न होऊन आलेल्या सुनांची देवाशी रीतसर भेट घडवली जाते. या विधीला 'भेटिंग' म्हणतात. सून घरी आली म्हणजे पूर्वजांना तिची ओळख करून द्यायला हवी, हा विचार त्यामागे आहे.

या समाजाची रचना आधी समजून घ्यायला हवी. गोंड स्वतःची विभागणी सगांमध्ये करतात. चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे अशी त्यांची गणना असते, आणि एकाच सगातल्या कुळांत लग्न होत नाही. प्रत्येक कुळाचा आपला पेरसापेन, म्हणजे थोरला देव असतो. लोखंडी भाला, चवरी, घंटा ही त्याची चिन्हं. पूजेचा अधिकार कुळातल्या कटोड्याचा. पण कुळ कुठून आलं, देव कसा मिळाला, कुणी कोणता डोंगर ओलांडला हे सांगण्याचा अधिकार कटोड्याचा नाही. तो परधानाचा. परधान हा वेगळा समाज. त्यांची घराणी विशिष्ट गोंड कुळांशी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेली असतात. लग्नात, पेरसापेनच्या पूजेत आणि मृत्यूनंतरच्या विधीत परधान येतो, किंगरी वाजवतो आणि त्या कुळाची कथा गातो. किंगरी हे सारंगीच्या कुळातलं, तीन तारांचं, गजाने वाजवायचं वाद्य. मध्य प्रदेशातल्या मंडला-दिंडोरीकडे यालाच बाना म्हणतात आणि त्यात बडादेव या तिथल्या थोरल्या देवाचा वास मानतात.

निझामाच्या हैदराबाद संस्थानात 1940 साली सरकारविरुद्ध लढणारे गोंड नेते कोमरम भीम मारले गेले. त्यानंतर तिथल्या सरकारने ज्यांना आदिलाबादच्या गोंडांचा अभ्यास करायला पाठवलं, ते मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी हे सगळं जवळून पाहिलं. त्यांचा 'द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद' हा ग्रंथ 1948 साली निघाला. त्यातली एक नोंद मराठी वाचकाला थांबवणारी आहे. आदिलाबादच्या परधानांची घरची भाषा मराठी होती. कुळकथा मात्र ते गोंडीत गात. एका समाजाचे पूर्वज दुसऱ्या समाजाने, घरी बोलत नसलेल्या भाषेत, तोंडपाठ जपले. आणि ज्यांचे ते पूर्वज त्या गोंडांतल्या बहुतेकांना ही कथा तपशिलात सांगता येत नसे. तिच्यासाठी ते परधानावरच अवलंबून होते. आठवण जपायला रक्ताचं नातं लागतं, या 'कोको'च्या गृहीतकाला यापेक्षा सरळ उत्तर मिळणं कठीण.

४. मेलेल्या माणसाचे दोन भाग

या व्यवस्थेत मेलेला माणूस नेमका कुठे जातो? गोंडांच्या कल्पनेत माणसात दोन गोष्टी असतात. एक जीव. तो भगवंताकडून येतो, मेल्यावर परत जातो आणि पुन्हा दुसऱ्या शरीरात येऊ शकतो. दुसरा सानाल, म्हणजे गेलेला तो विशिष्ट माणूस: त्याचं नाव, त्याचं कुळ, त्याची ओळख. जीवाचा हिशेब देवाकडे असतो, त्यात कुळाने काही करायचं नसतं. सानालची जबाबदारी मात्र कुळाची. विधी करून त्याला कुळाच्या पेरसापेनमध्ये, आधीच्या सगळ्या पूर्वजांच्या मेळ्यात सामील करून घ्यावं लागतं. पेरसापेनच्या मोठ्या पूजा वर्षातून ठरावीक वेळी, पौषात आणि उन्हाळ्यात होतात. मागच्या पूजेनंतर जे गेले त्यांना तिथे पूर्वजांत दाखल केलं जातं. त्या वेळी परधान कुळाची मूळ कथा गातो, आणि नवा मृत त्या कथेच्या शेवटी जोडला जातो.

श्राद्धाच्या रांगेशी हे ताडून पाहिलं तर फरक स्पष्ट दिसतो. श्राद्धात नवा माणूस आला की जुना बाहेर जातो, कारण जागा तीनच. पेरसापेनमध्ये नवा माणूस आला तरी कुणी बाहेर जात नाही, कारण तिथे वेगवेगळ्या जागाच नाहीत. सगळे मिळून एक देव आहे. याची किंमतही आहे. त्या मेळ्यात गेल्यावर एखाद्याचा चेहरा, स्वभाव, त्याचं स्वतःचं गाणं उरत नाही. तो कुळाचा होतो. भामरागडकडचे माडिया मृतासाठी दगड उभा करतात, त्या दगडावरही नाव नसतं. 'कोको'ला हेक्टर हा हेक्टर म्हणूनच हवा आहे, त्याच्या फोटोसकट. परधानाच्या गाण्याला त्याची गरज नाही. माणसाचं व्यक्तिमत्त्व तीन पिढ्या टिकतं, त्याचं नातं शेकडो वर्षं टिकू शकतं. आणि गोंडांनी टिकवण्यासाठी नातं निवडलं. मी कुणाचा, माझे भाऊबंद कोण, मी कुणाशी लग्न करू नये, या प्रश्नांची उत्तरं त्या गाण्यात असतात. रोजच्या जगण्यात ज्याचा उपयोग होतो तेच लोक लक्षात ठेवतात. सगांचे नियम लग्न जुळवताना दर वेळी लागतात, म्हणून सगांची कथा टिकली.

५. वाद्य नक्की काय काम करतं?

कथा नुसती सांगूनही चालली असती, मग किंगरी कशाला? याची तीन कारणं देता येतील. पहिलं, चालीत बसवलेली ओळ गळली की लगेच कळतं. गद्यात एक नाव सुटलं तर वाक्य पुढे जातं. ठेक्यातलं नाव सुटलं तर ठेकाच लंगडतो. दुसरं, वाद्य गाणाऱ्याला वेळ देतं. एक ओळ म्हणून झाली की तार तोच सूर पुन्हा फिरवते आणि तेवढ्यात पुढची ओळ तोंडात येते. रात्रभर गायच्या कथेत हा उसंतीचा क्षण फार मोलाचा. तिसरं, वाद्य वाजलं म्हणजे आता कथेची वेळ झाली, हे सगळ्यांना कळतं. त्यामुळे कथा गप्पांत विरत नाही आणि वाटेल तेव्हा वाटेल तशी सांगितली जात नाही.

जगात दूरदूरच्या समाजांनी हीच सोय शोधली आहे. अमेरिकी अभ्यासक मिलमन पॅरी यांनी 1933 ते 1935 या काळात युगोस्लाव्हियातल्या वीरगाथा गाणाऱ्यांची ध्वनिमुद्रणं केली. ते गायक गुसले नावाचं एकतारी, गजाने वाजवायचं वाद्य घेऊन हजारो ओळी गात, आणि त्यांतले बरेच निरक्षर होते. पॅरींचे शिष्य अल्बर्ट लॉर्ड यांनी 1960 सालच्या 'द सिंगर ऑफ टेल्स' या पुस्तकात दाखवलं की हे गायक घोकंपट्टी करत नाहीत. ठरलेले शब्दसमूह आणि ठरलेले प्रसंग यांच्या आधारे दर वेळी कथा नव्याने उभी करतात. पश्चिम आफ्रिकेत माली, सेनेगल, गांबिया या देशांत ग्रिओ नावाचे गायक कोरा या 21 तारांच्या वाद्यावर यजमान घराण्यांच्या वंशावळी गातात. तेही यजमानांच्या कुळाबाहेरचे आणि तेही मोबदला घेणारे. आपल्या कोल्हापूर-सांगलीकडचे हेळवी वंशावळी जपतात आणि धान्य घेऊन जातात. सूर वेगळा असला तरी व्यवस्था तीच.

'कोको'तली पणजी गाणं ऐकून भानावर येते, हा प्रसंग निव्वळ कल्पनाविलास नाही. अल्झायमर झालेल्यांना जवळच्यांची नावं आठवत नाहीत आणि लहानपणची गाणी मात्र म्हणता येतात, असं पुष्कळदा दिसतं. जर्मनीतल्या लाइपझिग इथल्या संशोधकांनी 2015 साली मेंदूच्या छायाचित्रांवरून एक कारण सुचवलं: फार जुन्या, ओळखीच्या सुरांशी निगडित असलेले मेंदूचे काही भाग या आजारात तुलनेने उशिरा झिजतात. म्हणजे समाज ज्या भांड्यात आठवण ठेवत आला, ते एकट्या माणसाच्या मेंदूतही टिकाऊच निघालं.

६. तीन आक्षेप

पहिला आक्षेप असा की आता फोटो आहेत, मोबाईल आहेत, जन्म-मृत्यूच्या नोंदी आहेत. गाणाऱ्याची गरजच काय? नोंद आणि आठवण या दोन गोष्टींची इथे गल्लत होते. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे अनेक पिढ्यांच्या नामावळ्या आहेत. त्यात आपल्या सातव्या पिढीचं नाव असू शकतं. पण आपण तिथे जाऊन, गाव-आडनाव सांगून विचारेपर्यंत ते नाव वहीतच राहतं. नोंद वाट पाहते. गाणारा दारात येतो. पोत्याने साठलेल्या फोटोंपैकी वर्षभरात किती उघडले जातात, हे ज्याचं त्याने तपासावं. ठरलेला दिवस, ठरलेला माणूस आणि ऐकायला जमलेले चार लोक नसतील तर नोंद कितीही पक्की असली तरी ती कुणाच्या डोक्यात उतरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गाणं बदलतं; गाणारा यजमानाला खूश करायला काहीही जोडतो; मग त्यावर विश्वास कसा ठेवायचा? अमेरिकी लेखक ॲलेक्स हेली यांनी 1976 सालच्या 'रूट्स' या पुस्तकात आपला आफ्रिकी पूर्वज शोधताना गांबियातल्या एका कथनकाराचा आधार घेतला होता. पुढे अभ्यासकांनी त्या कथनावरच शंका घेतल्या, आणि त्या रास्त होत्या. साल, तारीख, एका माणसाने एका दिवशी काय केलं, यासाठी गाण्याला साक्षीदार धरू नये. पण गाणं म्हणजे विरजणासारखं असतं. कालचं दही आज उरलेलं नसतं, आजचं दही आजच्या दुधाचं असतं, तरी लागलेलं विरजण जुनंच असतं. याला पुरावा आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी गोंडांचा कथानायक लिंगो याची गोंडी कथा परधानाच्या तोंडून उतरवून घेतली. ते 1863 साली वारले आणि त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी 1866 साली छापले. हायमेनडॉर्फ यांनी आदिलाबादमध्ये परधानांकडून ऐकलेली कथा त्यानंतर सुमारे 80 वर्षांची. प्रसंग आणि नावं इकडची तिकडे झाली आहेत, पण सांगाडा एकच: महादेव गोंडांच्या पूर्वजांना गुहेत कोंडून ठेवतो, लिंगो त्यांना सोडवतो, आणि मग सगांची वाटणी करून देतो. गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यात कचारगडला माघ पौर्णिमेला यात्रा भरते, तिथेही हीच गुहा आणि हीच सुटका सांगितली जाते. तिथल्या कथेत गुहेच्या तोंडावरचा धोंडा हलवायला बळ देतो तो किंगरी वाजवणारा हिरासुका, आणि त्याच धोंड्याखाली तो स्वतः जातो. पूर्वजांच्या सुटकेचं श्रेय आणि त्यासाठी भोगलेला मृत्यू, दोन्ही या कथेने वादकाला दिले आहेत.

तिसरा आक्षेप नैतिक आहे, आणि तो टाळता येत नाही. ही व्यवस्था म्हणजे जन्माने ठरलेला धंदा नव्हता का? होता. गोंड परधानाला आपल्यापेक्षा खालचा मानत, त्याच्या हातचं खात नसत, आणि परधानाचं मिळणं यजमानाच्या मर्जीवर असे. धान्य, कपडा, एखादं जनावर, मयताच्या वस्तूंतला वाटा हे हक्काचं म्हटलं तरी घेताना ते मागणंच होतं. परधानाच्या मुलाने किंगरी खाली ठेवून शाळेची वाट धरली असेल तर त्याने पूर्वजांचा द्रोह केला, असं म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही. मिगेलच्या घराने गाण्याला बंदी घातली ती चूक होती. तसंच एखाद्या घरावर जन्माने गाण्याची सक्ती करणंही चूकच. मात्र या आक्षेपातून व्यवस्थाच नको असा निष्कर्ष निघत नाही. काम तेच ठेवून कमीपणा काढून टाकता येतो. जे काम दानावर चालत होतं ते मानधनावर चालू शकतं, आणि जे एका जातीचं होतं ते शिकेल त्याचं होऊ शकतं.

७. यजमान बदलला की

मोबदला संपला की काय होतं आणि नवा मिळाला की काय होतं, या दोन्हींचं उत्तर मध्य प्रदेशात मिळतं. दिंडोरी जिल्ह्यातल्या पाटनगडचे परधान पूर्वी बाना घेऊन यजमान गोंडांकडे फिरत. यजमान गरीब झाले, फेऱ्या कमी झाल्या. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार जगदीश स्वामिनाथन भोपाळच्या भारत भवनसाठी कलावंत शोधत होते. त्यांच्या चमूला तिथे जनगड सिंह श्याम हा तरुण परधान सापडला. त्याने कागदावर आणि भिंतीवर जे देव रंगवले ते त्याच्या घराण्याच्या गाण्यांतले होते. आज ज्याला जग गोंड चित्रकला म्हणतं ती मुख्यतः परधानांच्या हातून उभी राहिली. जनगड 2001 साली जपानमध्ये वारले, पण त्यांच्या नात्यागोत्यातले आणि गावातले अनेक जण चित्रकार झाले. त्यांच्यापैकी भज्जू श्याम यांना 2018 साली पद्मश्री मिळाली. चित्राला गिऱ्हाईक मिळालं म्हणून बडादेव कॅनव्हासवर जगला. बान्याला गिऱ्हाईक मिळालं नाही म्हणून तो मागे पडला. कथा तीच, गाणारी घराणी तीच. फरक पडला तो पैसा कुणी आणि कशासाठी दिला याने.

म्हणून सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर असं देता येतं. पितर तीन आहेत, कारण घरातल्या मायेची पोच तेवढीच आहे. चौथा, दहावा, विसावा पूर्वज हवा असेल तर ते कुणाचं तरी काम असावं लागतं आणि कामाला दाम लागतो. महाराष्ट्र शासन ज्येष्ठ कलावंतांना मानधन देतं, ही चांगली गोष्ट आहे; पण ते म्हाताऱ्या गायकापाशी थांबतं, त्याच्याकडे शिकणाऱ्या मुलापर्यंत पोचत नाही, आणि आठवण तर गुरूकडून शिष्याकडे जातानाच टिकते किंवा तुटते. झरी जामणी, केळापूर, मारेगाव या तालुक्यांतल्या ग्रामपंचायतींनी आणि शाळांनी किंगरी शिकणाऱ्या दोन मुलांचा खर्च उचलला, मग ती मुलं कोणत्याही समाजाची असोत, तर तो खर्च गावाच्या अंदाजपत्रकात दिसणारही नाही. आणि वाचकाने एवढं करावं: लग्नात डीजेला द्यायच्या पैशातून एक वाटा बाजूला काढून किंगरीवाल्या परधानाला मानाने बोलवावं, त्याची बिदागी आधी ठरवावी, आणि तो गाईल तेव्हा घरातल्या लहान मुलांना समोर बसवावं.